राजसत्ता, विद्यापीठ आणि मालवणचे भांडारकर

मालवणच्या बंदरावरून होडीनें सिंधुदुर्गाकडे निघालें म्हणजे थोड्याच वेळांत चोहोंकडे खारें पाणी आणि समोर काळ्या दगडांचा तट एवढेंच दिसूं लागतें. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. तटाच्या आंत गेलें कीं दूधबाव, दहींबाव व साखरबाव या तीन विहिरी दाखविण्यांत येतात. भोंवतीं समुद्र असून त्यांचें पाणी गोडें, हें पाहून प्रत्येक प्रवाशास नवल वाटतें. आम्हांसहि तें वाटलें. परंतु परत येतांना मनांत आलेला विचार निराळा होता. गोड्या पाण्याचा झरा कांहीं तटानें निर्माण केलेला नाहीं. तो खडकाच्या पोटांतला आहे. तटानें केलें तें झऱ्याचें रक्षण. मात्र ज्याच्या हातीं दरवाजाची किल्ली, त्याच्याच हातीं विहिरीची वाट, हेंहि तितकेंच खरें. विद्या आणि राजसत्ता यांचा संबंध थोडाबहुत असाच असतो. विद्येला आसरा लागतो, इमारती लागतात, पैसा लागतो. आणि तो पुरविणारा हात केव्हां वाट अडवील याचा नेम नसतो.

याच मालवणांत ६ जुलै १८३७ रोजीं रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म झाला. मालवण त्यानंतरहि दीर्घकाळ रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. सिंधुदुर्ग हा निराळा जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. वडील सरकारच्या महसूल खात्यांत कारकून होते. मुलगा रत्नागिरीच्या शाळेंत शिकला आणि १८५३ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेंत दाखल झाला. ही वाट नवी नव्हती. देवगडाजवळच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर त्याच किनाऱ्यावरून आधींच मुंबईस गेले होते. त्यांनीं १८३२ सालीं ‘दर्पण’ काढलें, आणि १८३४ सालापासून त्याच संस्थेंत अध्यापन केलें. कोंकणच्या गरीब भूमीनें मुंबईला माणसें पुरविलीं तीं केवळ गिरण्यांसाठीं नव्हेत, हें या दोन नांवांवरून दिसून येईल.

भांडारकरांचें चरित्र सांगण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धांत एक प्रश्न उभा राहिला आणि त्यावर महाराष्ट्रांतील दोन थोर पुरुष दोन बाजूंस उभे राहिले. त्या प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे. प्रश्न असा: जें सरकार प्रजेनें निवडलेलें नाहीं व जें प्रजेला बदलतां येत नाहीं, अशा सरकारच्या छायेंत विद्यापीठ स्वतंत्र राहूं शकतें काय? आणि राहिलें, तर तें कशाच्या बळावर?

भांडारकर जन्मले त्याच वर्षीं युरोपांत एक घटना घडली, ती आधीं सांगितली पाहिजे. १८३७ सालीं हानोव्हरच्या गादीवर अर्न्स्ट ऑगस्ट हा राजा आला आणि त्यानें १८३३ सालची राज्यघटना मोडीत काढली. तेव्हां गटिंगेन येथील विद्यापीठांतल्या सात प्राध्यापकांनीं लेखी निषेध नोंदविला. आम्हीं त्या घटनेची शपथ वाहिली आहे, ती राजाच्या लहरीनें सुटत नाहीं, असें त्यांचें थोडक्यांत म्हणणें होतें. परीकथांचा संग्रह करणारे ग्रिम बंधु, इतिहासकार डाल्मान व गेर्विनुस, प्राच्यविद्येचे पंडित एवाल्ड, पदार्थविज्ञानवेत्ते वेबर आणि कायदेपंडित अल्ब्रेख्त हे ते सात जण. डिसेंबर महिन्यांत सातहि जणांना काढून टाकण्यांत आलें आणि तिघांना तर तीन दिवसांत राज्य सोडून जावें लागलें. राजाला विद्येचा द्वेष होता असें नव्हे. त्याला आपल्या पगारावरील माणसांनीं आपणांस प्रश्न विचारावा हें खपलें नाहीं, इतकेंच. पुढें १८८५ सालीं याच गटिंगेन विद्यापीठानें मालवणच्या या पंडितास डॉक्टर ही सन्मान्य पदवी अर्पण केली. त्या विद्यापीठाची कीर्ति तोंवर पुन्हा उभी राहिली होती. परंतु तिच्या इतिहासांत त्या सात नांवांना जें स्थान मिळालें, तें त्यांना घालवून देणाऱ्या राजाला मिळालें नाहीं.

आतां मुंबईकडे वळूं. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा १८ जुलै १८५७ रोजीं झाला. उत्तर हिंदुस्थानांत त्या वेळीं बंड पेटलेलें होतें, आणि अशा दिवसांत परक्या सरकारनें एका हातानें तोफा ओढाव्या व दुसऱ्या हातानें विद्यापीठाच्या सनदेवर सही करावी, हें दृश्य विलक्षण खरें. विद्यापीठाचें शासन सिनेटकडे असे. प्रांताचा गव्हर्नर हा कुलपति; सिनेटांतील सभासदांना फेलो म्हणत आणि त्यांची नेमणूक सरकारच करी. म्हणजे आरंभापासून ही संस्था सरकारच्याच हातची, असें कोणी म्हणेल. पण त्या कायद्यांत एक गोष्ट अशी होती कीं, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. फेलोची नेमणूक तहहयात होती. एकदां माणूस सिनेटांत गेला कीं त्याला तेथें राहण्यासाठीं पुन्हा कोणाकडे हात पसरावे लागत नसत. शिवाय विद्यापीठाचें वैभव उभें राहिलें तें केवळ सरकारी तिजोरींतून नव्हे. पदवीदान-सभागृहासाठीं सर कावसजी जहांगीर यांनीं एक लक्ष रुपये दिले. ग्रंथालय आणि मनोरा यांसाठीं प्रेमचंद रायचंद यांनीं चार लक्ष दिले, आणि त्यांतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजहि मुंबईची खूण म्हणून ओळखला जातो.

या विद्यापीठाची बी. ए. ची पहिली परीक्षा १८६२ सालीं झाली. भांडारकर, महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे त्या परीक्षेंतील पहिले पदवीधर होत. यांपैकीं रानड्यांची एक हकीकत सर्वांच्या ऐकण्यांत असेल. एल्फिन्स्टन कॉलेजांत असतांना त्यांनीं एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याची आणि इंग्रजी राज्याची तुलना केली, आणि तींत इंग्रजी राज्यास झुकतें माप दिलें नाहीं. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट हे विद्वान् होते, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे गाढे अभ्यासक होते आणि रानड्यांवर त्यांचा लोभहि होता. तरी त्यांनीं या विद्यार्थ्याला, जें सरकार तुला शिक्षण देतें त्याचीच निंदा करूं नये अशा अर्थाची समज दिली आणि सहा महिने त्याची शिष्यवृत्ति बंद ठेविली.

या गोष्टींत क्रौर्य कांहीं नाहीं. कोणी तुरुंगांत गेलें नाहीं, कोणाला हद्दपार केलें नाहीं. म्हणूनच ती आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. विद्यार्थ्याच्या निबंधांत चूक असेल तर ती दाखवून देणें हें गुरूचें काम; तो मुद्दा गुणांच्या शाईनें मिटवितां आला असता. परंतु येथें उत्तर दिलें गेलें तें शिष्यवृत्तीच्या पैशानें. ज्या क्षणीं मताचा जबाब पैशानें दिला जातो, त्या क्षणीं शाळेचें खातें होतें. ग्रँटसाहेबांसारख्या सज्जनालाहि हें कळलें नाहीं, यांतच त्या राज्यपद्धतीचा दोष होता, व्यक्तीचा नव्हे.

भांडारकरांच्या वांट्याला आलेला अनुभव निराळा. एल्फिन्स्टन कॉलेजांत ते संस्कृताच्या अध्यापकाचें काम पाहत असतांना १८७३ सालीं ती जागा विलायतेहून आलेल्या पीटर पीटर्सन यांस मिळाली. योग्यतेनें कोणाची बाजू जड होती, याचा निवाडा पुढें जगांतल्या संस्कृतज्ञांनींच केला; पण जागा देणाऱ्यांनीं तो प्रश्न त्या रीतीनें विचारलाच नव्हता. भांडारकरांनीं आदळआपट केली नाहीं. ते शिकवीत राहिले, हस्तलिखितें गोळा करीत राहिले, लिहीत राहिले. डॉ. कीलहॉर्न गटिंगेनला गेल्यानंतर १८८२ सालापासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृताचें काम त्यांच्याकडे आलें. दोन वर्षांनीं दक्षिणेचा प्राचीन इतिहास त्यांनीं प्रसिद्ध केला. १८८८ सालीं चिकित्सक, तौलनिक व ऐतिहासिक पद्धतीवर त्यांनीं जें व्याख्यान दिलें, तेंच त्यांचें खरें मतपत्र होय. पुराव्यावांचून कांहीं मानूं नये, तें आपल्या पूर्वजांच्या गौरवाचें असलें तरी मानूं नये आणि परकीय पंडितानें सांगितलें म्हणूनहि मानूं नये, हा त्या पद्धतीचा इत्यर्थ. सरकारी नोकरींत राहूनहि त्यांनीं आपल्या बुद्धीवर कोणाचा पहारा बसूं दिला नाहीं. १८९३ सालीं ते निवृत्त झाले, आणि त्याच वर्षीं मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु नेमले गेले. मालवणच्या कारकुनाचा मुलगा ज्या विद्यापीठाचा पहिल्या चार पदवीधरांपैकीं एक, त्याच विद्यापीठाच्या कुलगुरुपदावर तो बसला. हा मान मिळविणारे हिंदी गृहस्थ त्यांच्या आधीं एकच, काशीनाथ त्र्यंबक तेलंग.

यानंतर लॉर्ड कर्झन यांची कारकीर्द आली. १९०१ सालीं सिमल्यास त्यांनीं शिक्षणपरिषद भरविली, तींत एकाहि हिंदी माणसाला स्थान नव्हतें. पुढल्या वर्षीं सर टॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखालीं विद्यापीठ-कमिशन नेमलें. १९०३ च्या अखेरीस विधेयक आलें आणि २१ मार्च १९०४ रोजीं तें मंजूर झालें. या कायद्यानें मुंबईच्या सिनेटांत सामान्य फेलोंची संख्या कमींत कमी ५० व जास्तींत जास्त १०० ठरविली. त्यांपैकीं २० निवडलेले, दहा पदवीधरांनीं आणि दहा विद्याशाखांनीं; बाकीचे सर्व कुलपतींनीं म्हणजे गव्हर्नरांनीं नेमावयाचे. नेमणूक तहहयात राहिली नाहीं, ती पांच वर्षांची झाली. सिनेटनें एका वर्षांत नवे नियम करून सरकारकडे पाठवावे, त्यांत सरकारला वाटेल ती भर घालतां येईल, आणि वेळेंत नियम आले नाहींत तर सरकार स्वतःच ते करील. कॉलेज जोडून घेणें किंवा तोडून टाकणें यांवरहि शेवटचा शब्द सरकारचा. यासोबत सरकारनें दरसाल पांच लक्षप्रमाणें पांच वर्षें पैसा देण्याचेंहि कबूल केलें.

व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत या विधेयकावर जो वाद झाला, त्यांत आपल्याकडचे दोन सभासद होते. गोपाळ कृष्ण गोखले हे चिपळुणाकडच्या कोंकणांतले. फर्ग्युसन कॉलेजांत आपल्या उमेदीचीं वर्षें घालवून १९०२ सालीं तेथून बाहेर पडलेले. दुसरे डॉ. भांडारकर, सरकारनें नेमलेले. गोखल्यांनीं विधेयकास कसून विरोध केला. यानें विद्यापीठ हें सरकारचें एक खातें होऊन बसेल, असें त्यांनीं बजावलें. स्वतःच्या हिंमतीवर उभ्या राहिलेल्या हिंदी कॉलेजांच्या अध्यापकांस सिनेटांत निश्चित जागा नाहीं, हेंहि त्यांनीं दाखवून दिलें. भांडारकरांचा कल विधेयकास अनुकूल होता.

येथें वाचकांनीं घाई करूं नये. एकास देशभक्त आणि दुसऱ्यास सरकारचा हस्तक ठरवून मोकळें होणें सोपें आहे. पण तो भांडारकरांवर अन्याय होईल. जुन्या सिनेटाचे दोष काल्पनिक नव्हते. तहहयात फेलोंमध्यें विद्येशीं कांहीं संबंध नसलेले, केवळ मानाखातर नेमलेले गृहस्थ पुष्कळ शिरले होते. विद्यापीठ परीक्षा घेई, शिकवीत नसे. नव्या कायद्यानें शिक्षकांना सिंडिकेटांत जागा दिली, कॉलेजांच्या तपासणीची सोय केली, विद्यापीठांस स्वतः अध्यापन करण्याचा अधिकार दिला. ज्या माणसानें आयुष्यभर एकेका शब्दाचा पुरावा तपासला, त्याला परीक्षांचा बाजार आणि सभासदांची गर्दी पाहून शिसारी आली असल्यास नवल नाहीं. सुधारणा हवी होती. ती कोणाच्या हातून होते हा प्रश्न त्याला दुय्यम वाटला असावा.

तो दुय्यम नव्हता, हें आमचें मत आहे. आणि तें आम्ही निवडणुकीच्या आंकड्यांवरून बनविलेलें नाहीं. शंभरांत वीसच निवडलेले, या गोष्टीवर त्या काळीं पुष्कळ टीका झाली. पण १८५७ च्या कायद्यांत तर निवडणुकीची तरतूदच नव्हती! तरीहि जुनें सिनेट पुष्कळ अंशीं स्वतंत्रपणें बोलत असे. सर फिरोजशहा मेथांसारखा माणूस तेथें सरकारशीं चार हात करूं शके. याचें कारण तहहयात नेमणूक. नेमणारा कोणीहि असो, नेमणूक एकदां झाली कीं नेमलेल्यास त्याचें तोंड पाहण्याची गरज उरत नसे. पांच वर्षांची मुदत घातली आणि सर्व पालटलें. आतां प्रत्येक सभासदाला चौथ्या वर्षीं एक प्रश्न पडणार: माझें नांव पुन्हा येईल ना? हा प्रश्न मनांत असलेला माणूस वाईट असतो असें नव्हे. तो मत देण्यापूर्वीं क्षणभर थांबतो, इतकेंच. आणि अशा ऐंशी माणसांच्या क्षणभर थांबण्यानें एका विद्यापीठाचें स्वातंत्र्य नाहींसें होतें. त्यासाठीं हुकूम काढावा लागत नाहीं.

डॉ. भांडारकरांना हें जाणवलें नाहीं, याचें कारणहि आम्हांस यांतच दिसतें. १९०४ सालीं ते सदुसष्ट वर्षांचे होते. नोकरी पुरी झाली होती, कीर्ति सातासमुद्रापलीकडे गेली होती. त्यांना कोणाकडे पुन्हा कांहीं मागावयाचें नव्हतें. ज्याचें मन स्वतः निर्भय असतें, त्याला दुसऱ्यांच्या भयाची कल्पना येत नाहीं. गोखले अनेक वर्षें एका खासगी कॉलेजांत, सरकारी मदतीच्या अर्जांमध्यें आणि वर्गणीच्या वह्यांमध्यें वाढलेले. पुन्हा मागावें लागणें म्हणजे काय, हें त्यांना ठाऊक होतें.

कायदा अंमलांत आल्यावर त्याचा स्वभाव लवकरच प्रकट झाला. नव्या व्यवस्थेसाठीं काढलेल्या कांहीं हुकमांच्या कायदेशीरपणाबद्दल मुंबईच्या हायकोर्टांत प्रश्न निघाला. न्यायाधीश काय म्हणतात याची वाट न पाहतां सरकारनें फेब्रुवारी १९०५ मध्यें दुसरा कायदा करून ते सर्व हुकूम कायदेशीर ठरविले; गोखल्यांनीं त्यालाहि विरोध केला. १९०७ सालीं रिस्ले यांच्या सहीचें परिपत्रक निघालें आणि विद्यार्थी व शिक्षक यांच्या राजकीय सभांतील भागावर बंधनें आलीं. बंडखोर शाळांची मदत तोडावी, कॉलेजांचा विद्यापीठाशीं असलेला संबंध तोडण्याची शिफारस करावी, हीं अस्त्रें त्यांत होतीं. तीं ज्या भात्यांतून काढलीं तो भाता १९०४ सालींच भरून ठेविलेला होता.

मग विद्यापीठाच्या बाहेरच विद्या चालवावी, असें कांहींना वाटलें तर तें स्वाभाविकच होय. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत प्राध्यापक असलेले विष्णु गोविंद विजापूरकर यांनीं हा मार्ग धरिला. तळेगांवचें समर्थ विद्यालय हें त्यांच्या खटपटीचें फळ. सरकारी मदत नाहीं, सरकारी परीक्षा नाहीं, शिक्षण मराठींतून. त्यांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकांत १९०८ सालीं ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख आला. लेखक श्रीपाद दामोदर सातवळेकर हे सावंतवाडीजवळच्या कोलगांवचे, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतलेच. वेदांतील प्रार्थनांचा अर्थ सांगणारा हा लेख राजद्रोही ठरला आणि संपादक विजापूरकर यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. १९१० सालीं सरकारनें समर्थ विद्यालयहि बंद पाडलें. आमच्यासारखीं मासिकें चालविणाऱ्यांनीं ही हकीकत मधून मधून आठवावी हें बरें. दाराआड उभें राहून पुन्हा पुन्हा मागण्याचें ज्यानें नाकारलें, त्याचें घरच पाडण्यांत आलें. बाहेर राहण्याचा मार्ग मानी माणसाचा खरा; परंतु जेथें राज्य बेजबाबदार आहे तेथें बाहेर अशी जागाच नसते.

तिसरा एक मार्ग बंगालनें दाखविला. १९०४ च्या वादाच्या वेळीं कायदेमंडळांत असलेले आशुतोष मुखर्जी १९०६ सालीं कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरु झाले आणि ज्या कायद्यानें विद्यापीठ बांधून टाकावयाचें होतें, त्याच्याच अध्यापनाच्या कलमांवर त्यांनीं पदव्युत्तर शिक्षणाचा मोठा प्रपंच उभा केला. चंद्रशेखर वेंकट रामन आणि सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्यासारखे अध्यापक त्यांनीं जमविले. परंतु १९२२ सालीं विद्यापीठ कर्जांत असतांना बंगाल सरकारनें अडीच लक्ष रुपये देऊं केले आणि त्यासोबत अटी घातल्या, तेव्हां याच पुरुषानें सिनेटला तो पैसा नाकारण्यास सांगितलें. पुढल्या वर्षीं कुलगुरुपद पुन्हा देऊं केलें तेंहि अटीसह. तेंहि त्यांनीं परत केलें. कायदा वाईट असला तरी त्यांतून चांगलें काम करून घेतां येतें. मात्र तें करणाऱ्याजवळ, पुन्हा मागणार नाहीं, असें म्हणण्याची तयारी असावी लागते. अशीं माणसें नित्य मिळत नाहींत. म्हणून संस्थेची घटना अशी असावी कीं, सामान्य माणसालाहि तेथें निर्भय राहतां यावें. थोर पुरुषांच्या भरंवशावर कायदे करणें हा शहाणपणा नव्हे.

मालवणच्या दक्षिणेस तेरेखोलची खाडी ओलांडली कीं गोवा लागतो. तेथें १९६१ सालपर्यंत पोर्तुगीज राज्य होतें. वैद्यकशाळा १८४२ सालापासून होती. विद्यापीठ मात्र नव्हतें, तें १९८५ सालीं झालें. लिस्बनला ज्यानें हुकूमशाही प्रस्थापित केली, तो सालाझार स्वतः कोइंब्रा विद्यापीठांतील अर्थशास्त्राचा प्राध्यापक! विद्वान् माणूस सत्तेवर आला म्हणजे विद्येचें कल्याण होतें, ही समजूत त्यानें कायमची खोटी ठरविली. १९३५ सालीं आणि पुन्हा १९४७ सालीं पोर्तुगालच्या विद्यापीठांतून नापसंत प्राध्यापक काढण्यांत आले. पोर्तो येथील वैद्यकपंडित आबेल सालाझार पहिल्या खेपेस गेले, गणितज्ञ रुय लुईश गोमिश दुसऱ्या खेपेस. गोव्यांत तर छापण्यापूर्वीं मजकूर सेन्सॉरला दाखवावा लागे. १७ फेब्रुवारी १९५४ रोजीं म्हापशाच्या एका मेजवानींत, गोवा हा पोर्तुगालचाच भाग असें एक वक्ता म्हणाला, तेव्हां लिस्बनला शिकलेले शस्त्रवैद्य पुंडलीक गायतोंडे यांनीं उठून निषेध नोंदविला. एवढ्यावरून त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला धाडण्यांत आलें. मुंबई प्रांतांत इंग्रजांनीं कायद्याचें जाळें विणलें. येथें जाळ्याचीहि गरज भासली नाहीं. तरी दोहोंचा धडा एकच. बोलण्यापूर्वीं ज्याला परवानगी मागावी लागते आणि बोलल्यानंतर ज्याला जागा मागावी लागते, त्या दोघांच्या स्थितींत फरक आहे तो प्रमाणाचा, जातीचा नव्हे.

आणि ज्या गटिंगेनपासून आम्हीं आरंभ केला, त्याचें काय झालें? १९३३ च्या एप्रिलांत नाझी सरकारनें नोकरांच्या शुद्धीकरणाचा कायदा केला. माक्स बोर्न, रिखार्ड कूराँ, एमी न्यूटर यांना तेथून जावें लागलें. जेम्स फ्रांक यांनीं निषेध म्हणून राजीनामा दिला. शंभर वर्षांपूर्वीं सात जण उठले होते. या वेळीं बहुतेक सहकारी गप्प राहिले. जगांतलें गणिताचें माहेरघर थोड्याच महिन्यांत ओस पडलें. परंपरा कितीहि थोर असो, ती आपोआप माणसाला धीर देत नाहीं, हें यावरून ध्यानांत घ्यावें.

स्वराज्य आल्यानें हा प्रश्न संपला, असें समजण्यांत अर्थ नाहीं. १९७५ च्या आणीबाणींत या किनाऱ्याच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार, पूर्वाश्रमींचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मधु दंडवते हे तुरुंगांत होते. आणि तें राज्य परक्यांचें नव्हतें. लोकांनीं निवडलेलें सरकार बदलतां येतें, हा फरक मोठाच आहे. तो आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु कुलगुरु कोणी नेमावा, सिनेटांत निवडलेले किती असावे, अनुदानाबरोबर कोणत्या अटी याव्या, हे वाद १९०४ सालचेच आहेत. त्यांची वस्त्रें तेवढीं बदललीं. आपल्या मुलामुलींस विद्यापीठांत धाडणाऱ्या कुटुंबांनीं निकालाची टक्केवारी विचारावी, वसतिगृह विचारावें. पण एकदां हेंहि विचारावें कीं, तेथें शिकविणाऱ्याला आपली जागा टिकविण्यासाठीं दरसाल कोणाच्या दारीं जावें लागतें. तात्पुरत्या नेमणुकीवर वर्षांमागून वर्षें काढणारा तरुण अध्यापक १९०४ च्या फेलोहून अधिक स्वतंत्र आहे काय, याचा विचार व्हावा.

भांडारकर आणि गोखले यांपैकीं बरोबर कोण, असा प्रश्न आम्हांस कोणी केला तर १९०४ च्या वादापुरतें आमचें मत गोखल्यांच्या बाजूस आहे, हें वर आलेंच. तथापि केवळ घटना चांगली असून भागत नाहीं. सिनेट स्वतंत्र असून सिनेटांतल्या माणसांना पुराव्याची चाड नसेल, तर तें स्वातंत्र्य गलबल्याचें होईल. पुराव्यापुढें राजाहि मोठा नाहीं आणि आपली जातहि मोठी नाहीं, हें भांडारकरांनीं शिकविलें. हा झरा होय. त्या झऱ्याभोंवतीं तट कसा असावा आणि त्याची किल्ली कोणाच्या हातीं नसावी, हें गोखल्यांनीं सांगितलें. मालवणच्या त्या तटाचे दगड लाटांच्या माऱ्यानें झिजत असतात आणि मधून मधून त्यांची डागडुजी करावी लागते. ती कोणी एकदां करून ठेविली म्हणून पुढच्यांना सुटका मिळत नाहीं.